एड्सगर डाइकस्ट्रा

एड्सगर वीबे डाइकस्ट्रा (११ मे १९३० – ६ ऑगस्ट २००२) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधणाऱ्या अल्गोरिदमसाठी ते प्रसिद्ध आहेत. संगणकशास्त्र कसे शिकवावे, या प्रश्नावरील त्यांची भूमिका दीर्घकाळ वादाचा विषय ठरली.

जीवन

डाइकस्ट्रा यांचा जन्म रॉटरडॅम येथे झाला. त्यांचे वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितज्ञ होती. लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत असताना १९५१ मध्ये त्यांनी केंब्रिज येथील प्रोग्रॅमिंगच्या उन्हाळी वर्गास हजेरी लावली. पुढील वर्षी ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात रुजू झाले. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी 'प्रोग्रॅमर' हा व्यवसाय अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. त्यामुळे भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली. १९६२ मध्ये ते आइंडहोवन येथे गणिताचे प्राध्यापक झाले. १९८४ ते १९९९ या काळात त्यांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

कार्य

१९५६ मध्ये रचलेला त्यांचा अल्गोरिदम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६० मध्ये त्यांनी याप झोनेवेल्ड यांच्यासह अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

अध्यापन व संशोधनपद्धतीचा वाद

१९६८ च्या पत्रात त्यांनी 'गो टू' या आज्ञेचा वापर टाळण्याचा आग्रह धरला. मानवी बुद्धीला काळानुसार बदलणाऱ्या प्रक्रियेपेक्षा स्थिर रचना अधिक सहज आकळते, हा त्यांच्या युक्तिवादाचा आधार होता. हे विधान मनाविषयीचे असले, तरी त्यासाठी त्यांनी प्रयोग केला नव्हता. तर्क हेच त्यांचे साधन होते. १९७३ मध्ये साइम, ग्रीन व गेस्ट या संशोधकांनी प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या व्यक्तींवर प्रयोग करून उडी मारणाऱ्या व एकात एक बसवलेल्या अटींची तुलना केली. दुसरी रचना नवशिक्यांना सोपी गेली. निष्कर्ष डाइकस्ट्रा यांच्या मताला पूरक होता, परंतु तो मिळवण्याची पद्धत वेगळी होती.

१९८८ मध्ये डाइकस्ट्रा यांनी प्रोग्रॅमिंग ही गणिताची शाखा म्हणून शिकवावी, असे प्रतिपादन केले. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम चालवून न पाहता त्याची अचूकता सिद्ध करावी, अशी त्यांची सूचना होती. चाचणीने चुका सापडतात, पण चुका नाहीत हे ठरत नाही, हे त्यामागील कारण होते. १९८९ मध्ये हा लेख पारनास, हॅमिंग, कार्प, विनोग्राड आदींच्या प्रतिक्रियांसह प्रसिद्ध झाला. त्यांत सहमती व विरोध दोन्ही होते.

या वादात दोन प्रश्न एकत्र आले होते. प्रोग्रॅम अचूक आहे का, याचे उत्तर सिद्धतेने देता येते. विद्यार्थी कशाने शिकतो, याचे उत्तर मात्र विद्यार्थ्यांच्या निरीक्षणाशिवाय मिळत नाही.

वारसा

डाइकस्ट्रा यांनी तेराशेहून अधिक क्रमांकित टिपणे लिहिली. त्यांपैकी बहुतेक हस्तलिखित असून त्यांच्या प्रती सहकाऱ्यांमध्ये फिरत असत. वितरित संगणनातील एक महत्त्वाचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.