मलमाच्या ट्यूबमागचा माणूस

आपल्याकडे घरोघरी कपाटात नाहीतर फ्रिजच्या दारात एक चेपलेली ट्यूब असते. अंगाला खाज सुटली की शेजारी नाव सुचवतात, दुकानातून ती येते आणि घरातले सगळेच ती लावतात. दोन दिवसांत आराम पडतो. या ट्यूबमधलं स्टेरॉइड सामान्यांच्या खिशाला परवडावं यासाठी ज्यांचं संशोधन कामी आलं, त्या पर्सी ज्युलियन यांचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी इथे झाला. आजोबा गुलामगिरीत वाढलेले; लिहायला शिकले म्हणून त्यांची दोन बोटं कापण्यात आली होती. कृष्णवर्णीय मुलांना गावात आठवीपुढे धड शाळा नव्हती. इंडियानातील डीपॉ विद्यापीठात मागे राहिलेले शालेय विषय भरून काढत, गोऱ्या विद्यार्थ्यांना जेवण वाढत ते शिकले आणि १९२० मध्ये वर्गात पहिले आले. डॉक्टरेटसाठी मात्र त्यांना व्हिएन्ना गाठावं लागलं. १९३५ मध्ये योझेफ पिकल यांच्यासह त्यांनी काचबिंदूवरचं फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत तयार केलं. तरीही रंगामुळे प्राध्यापकपद मिळालं नाही.

१९३६ मध्ये ते शिकागोच्या ग्लिडन कंपनीत गेले. एकदा सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरलं आणि पांढरा साका जमला. दुसऱ्या कुणी तेल फुकट गेलं म्हणून कपाळावर हात मारला असता. ज्युलियन यांनी त्यात स्टिग्मास्टेरॉल ओळखलं. त्यापासून हार्मोन्स बनू लागली.

कॉर्टिझोनचा शोध त्यांचा नव्हे. त्याचं १९५०चं नोबेल केंडॉल, हेंच आणि राइखस्टाइन यांना मिळालं. पण गुरांच्या पित्तापासून तिसाहून अधिक पायऱ्यांनी बनणारं ते औषध भलतंच महाग होतं. १९४९ मध्ये ज्युलियन यांनी ‘एस’ नावाचं संयुग बनवण्याची सुधारित रीत दिली. हायड्रोकॉर्टिझोनला त्यात फक्त एक ऑक्सिजनचा अणू कमी होता. तो बसवण्याचं काम पुढे सूक्ष्म बुरशीकडून करून घेतलं गेलं. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोनचं मलम इसबावर गुणकारी असल्याचं दाखवलं.

त्याच सुमारास ज्युलियन यांनी ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. १९५० मध्ये ते पेटवण्याचा प्रयत्न झाला, १९५१ मध्ये त्यावर डायनामाइट फेकलं गेलं. ज्युलियन कुटुंब हललं नाही.

इतक्या कष्टानं स्वस्त झालेली ही वस्तू आपण फार स्वस्तात घेतो. इसबाची सूज आणि खाज स्टेरॉइड शमवतं. पण गजकर्णावर लावलं तर खाज थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. म्हणून आधी निदान हवं. गोरेपणासाठी चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळल्यास कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं उठतात आणि मलम सोडताच चेहरा पेटतो. डोळ्यांभोवती दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा धोका संभवतो. ज्युलियन यांचं पहिलं मोठं काम याच रोगावरच्या औषधाचं होतं!

मापही सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ते पुरतं. सुजलेल्या जागीच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, डॉक्टर सांगतील तितकेच दिवस लावावं. चेहरा, जांघा, काखा आणि लहान मुलांची त्वचा नाजूक, तिथे सौम्य मलम. क्लोबेटासॉलसारखं जहाल औषध आपल्या मनानं नकोच. उलट, स्टेरॉइड या शब्दालाच भिऊन मुलाला रात्रभर खाजवत ठेवणं हीही चूकच. योग्य मलम योग्य मुदतीत वापरलं तर ते सुरक्षित आहे. भारतात २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली गेली. नियम कागदावर राहू नये, हे दुकानदाराइतकंच आपल्याही हाती आहे.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं ज्युलियन यांना सदस्यत्व दिलं. १९ एप्रिल १९७५ रोजी ते गेले. पुढच्या वेळी ती चेपलेली ट्यूब हाती घ्याल तेव्हा आधी तिच्यावरचं नाव वाचा, आणि ती कुणासाठी, कशासाठी लिहून दिली होती ते आठवा.