किट्टेल यांचे ऋण

गोमंतकात काय किंवा कोकण-कारवारात काय, जुन्या घराच्या आढ्याकडे मान वर करून पाहिले की मंगळुरी कौले दिसतात. ही कौले घालण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात काढला. धर्मांतरामुळे जातीला आणि जातीच्या धंद्याला मुकलेल्या माणसांना पोटापाण्याचा उद्योग मिळावा, हा त्यामागील हेतू होता. त्या मिशनची कौले आम्ही हिंदूंनी निःसंकोचपणे डोक्यावर घेतली. परंतु त्याच मिशनच्या एका सेवकाने धारवाडच्या मुलखात राहून आमच्या शेजारच्या भाषेसाठी जे केले, त्याची जाण मराठी वाचकाला फारशी नाही. त्या सेवकाचे नाव फर्डिनांड किट्टेल. येत्या २०३२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने कर्नाटकात उत्सव होतील, व्याख्याने होतील. तोवर न थांबता आम्ही आमच्यापुरती त्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

किट्टेल यांचा जन्म १८३२ साली जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील पूर्व फ्रिसिया प्रांतात एका पाद्र्याच्या घरी झाला. भाषांचा नाद त्यांना शाळकरी वयापासूनच होता. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे धर्मशिक्षण घेऊन ते १८५३ साली, एकविसाव्या वर्षी, मंगळुरास उतरले आणि तेथून त्यांची रवानगी धारवाडला झाली. बासेल मिशनने १८३४ मध्ये मंगळूरला, १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आपली ठाणी उभारली होती. तरुण किट्टेल यांनी धारवाडास येताच कन्नडच्या अध्ययनात स्वतःला झोकून दिले. बाजारात उपदेश करण्यापुरती भाषा त्यांना पुरी पडेना. जुनी काव्ये, छंदःशास्त्र, व्याकरण, आणि त्यासाठी संस्कृत, असा त्यांचा व्यासंग वाढत गेला. मिशनमधील सर्वांनाच तो रुचला असे नाही. आत्म्यांच्या उद्धारासाठी पाठविलेला माणूस हिंदूंच्या आणि जैनांच्या पोथ्यांत गढून जातो, ही कुरबुर सुरू झाली आणि पुढे मंगळूरच्या मिशन छापखान्याचे काम त्यांच्याकडे आले.

त्या काळी धारवाडात कन्नडची अवस्था काय होती, हे मराठी वाचकाने प्रांजळपणे आठवले पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर हा जिल्हा पुढे मुंबई इलाख्यात आला. दप्तरात मराठी, शाळेत मराठी आणि प्रतिष्ठाही मराठीलाच, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला अक्षरओळख परक्या भाषेतून होई. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी झगडा केला आणि १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांनी धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला, तो याच परिस्थितीतून. आपल्या भाषेवर अन्याय झाला की तो आम्हांला ताबडतोब दिसतो. आपल्या भाषेच्या छायेखाली दुसरी भाषा खुरटते, ते मात्र सहसा दिसत नाही.

अशा वेळी हा परदेशी मनुष्य कन्नडचे जुने धन एकेक करून उजेडात आणीत होता. १८६२ साली त्यांनी ‘कथामाले’ या नावाने ख्रिस्तचरित्र देशी छंदांत रचले. गोमंतकीय वाचकाला येथे फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली राचोलला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ आठवल्यावाचून राहणार नाही. पुढे १८७२ मध्ये केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ हे व्याकरण आणि १८७५ मध्ये नागवर्म्याचे ‘छंदोंबुधी’ त्यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यांच्या तरुण पत्नी पॉलिन याच काळात निवर्तल्या. पुढे त्यांनी पॉलिन यांची बहीण जूली यांच्याशी विवाह केला. १८७७ मध्ये ते मायदेशी परतले खरे, पण हाती घेतलेला कोश अपुरा होता. तो पुरा करण्यासाठी पन्नाशी उलटल्यावर, १८८३ मध्ये, ते पुन्हा समुद्र ओलांडून आले.

तो कन्नड-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरला बासेल मिशननेच प्रसिद्ध केला. सतराशेंहून अधिक पाने आणि सुमारे सत्तर हजार शब्द, असा त्याचा पसारा आहे. परंतु आकड्यांपेक्षा त्यातील दृष्टी मोलाची आहे. जैन कवींची काव्ये, वीरशैवांची पुराणे, वैष्णव दासांची पदे आणि खेड्यातील बायाबापड्यांच्या तोंडच्या म्हणी, या सर्वांना त्यात सारख्याच मानाचे स्थान आहे. शब्दांची तमिळ, तेलुगू, तुळू, मराठी अशी नातीगोती त्यांनी दाखविली आहेत. हे काम त्यांनी एकट्याने केले असे मानणे मात्र चूक ठरेल. देशी पंडितांच्या आणि जाणत्या माणसांच्या साहाय्यावाचून ते पुरे होणारे नव्हते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी कोशामागेही असेच आमचे शास्त्री होते. ट्यूबिंगेन विद्यापीठाने १८९६ मध्ये किट्टेल यांना डॉक्टर ही सन्मान्य पदवी दिली. १९०३ मध्ये त्यांचे कन्नड व्याकरण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्यूबिंगेन येथे त्यांचे देहावसान झाले. आज धारवाडात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि बंगळुरात त्यांचा पुतळा आहे.

आता येथे कोणी विचारील की, हा माणूस आला होता तो आमच्या लोकांना बाटविण्यासाठीच ना? प्रश्न रास्त आहे आणि गोमंतकात तरी तो टाळता येत नाही. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांना रातोरात नदीपार अंत्रुजात का न्यावे लागले, हे येथील लहान पोरही सांगेल. १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशनने येथे काय केले, हे विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. किट्टेल धर्मप्रचारासाठीच आले होते आणि अखेरपर्यंत आपल्या धर्मावर निष्ठा ठेवून राहिले, हेही खरे आहे. वैदिक यज्ञाविषयी त्यांनी लिहिले, तेही शेवटी वाचकाला ख्रिस्ताकडे नेण्यासाठी. ती मांडणी आम्हांला मान्य होण्याजोगी नाही.

परंतु दोहोंतील फरक ओळखणे हाही न्यायच आहे. किट्टेल यांच्या हाती दंडसत्ता नव्हती. धर्मप्रसारक म्हणून त्यांच्या पदरी फारसे यश पडले नाही. ज्याचे मत बदलावयाचे, त्याची भाषा, त्याचे ग्रंथ आणि त्याचा विचार आधी मुळातून जाणून घेतला पाहिजे, या भावनेने ते चाळीस वर्षे झिजले आणि या जाणून घेण्याचेच त्यांच्या हातून जीवितकार्य झाले. धर्माधर्मांतील संवाद म्हणजे मतभेद झाकून केलेली गोड भाषणे, असा अलीकडे समज झाला आहे. किट्टेल यांनी मतभेद झाकले नाहीत. तरीही त्यांच्या कोशाचा उपयोग ज्याला होणार नाही, असा कन्नडिग कोणत्याही धर्मात सापडणार नाही.

ज्या मातीत हे घडले, त्या मातीचाही यात वाटा आहे. किट्टेल धारवाडास आले त्या काळात याच मुलखात शिशुनाळचे शरीफसाहेब एका ब्राह्मण गुरूचे शिष्य होऊन कन्नडमधून पदे गात होते. आणि त्याच हुबळीत १९९४ च्या स्वातंत्र्यदिनी ईदगाह मैदानाच्या वादातून गोळीबार होऊन माणसे मेली. वारसा थोर असला म्हणजे शांतता आपोआप टिकते असे नाही. प्रत्येक पिढीला शेजाऱ्याची ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

कन्नडविषयी आमची स्वतःची ओळख कितपत आहे? आमच्या घरातील अण्णा आणि अक्का, पानावरचे तूप आणि चंचीतील अडकित्ता हे सारे शब्द कन्नडशी नाते सांगणारे. ज्यांची घरची भाषा मराठी, त्या धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांना १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड काव्यासाठी. असे असूनही सीमाप्रश्नाच्या घोषणांपलीकडे कन्नडशी आमचा परिचय नाही. सीमाभागातील मराठी माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे आणि ते मांडलेच पाहिजे. पण ते मांडणाऱ्यास समोरच्याची लिपी वाचता आली, तर त्याचे बळ घटणार नाही, वाढेलच. पूर्व फ्रिसियाचा एक तरुण तेवढ्यासाठी सातासमुद्रांपलीकडून आला. आम्हांला दूधसागर ओलांडून लोंढ्यावरून धारवाडपर्यंतच जावयाचे आहे.