खराट्याने जोडलेले गणगोत

श्रीसंत गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लेकराला पोटाशी धरून माहेरी दापुऱ्याला आली. तिथे डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला, मोट हाकली. एवढा घाम गाळला, तरी मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. कागदावरची मालकी कशी हातची जाते, हे त्या पोराने डोळ्यांनी पाहिले.

पुढे लग्न झाले, लेकरे झाली. पहिल्या मुलीच्या बारशाला भाऊबंद दारू-मटणाची वाट पाहत बसले, तर डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. लोक रुसले, पण ते हटले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे मागे ठेवून घर सोडले. घरच्यांच्या वाट्याला आलेले दुःख थोडे नव्हते. ते विसरून बाबांचे थोरपण सांगू नये.

अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि पाण्याला व भाकरीला एक फुटके गाडगे. या गाडग्यावरूनच लोकांनी नाव पाडले. ज्याला घर नाही, जमीन नाही, त्याचे गाव कोणते? बाबा याचे उत्तर बोलून देत नसत. गावात शिरले की कुणाचा पाहुणचार न शोधता सरळ रस्ता झाडायला लागायचे. गटार उपसायचे, उकिरडा हलवायचे. गावकरी आधी वेडा म्हणून हसायचे. मग एखादा लाजून फावडे घ्यायचा, त्याच्या मागे दुसरा यायचा. काम झाल्यावरच बाबा चतकोर भाकरी मागत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. वऱ्हाडी बोलीत ते साध्या माणसांना प्रश्न विचारत आणि कर्ज, दारू, देवापुढे कापलेले बकरे, शिवाशिव, पोरांची शाळा या गोष्टी त्यांच्याच तोंडून वदवून घेत. सकाळी लोक जागे होईपर्यंत बाबा पुढच्या गावाला निघालेले असत.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून त्यांनी तिथे घाट बांधायचे मनावर घेतले आणि स्वतः दगड-माती वाहिली. पंढरीत तर आपल्याच वाटेवरचे वारकरी, पण जातीमुळे त्यांना टेकायला जागा मिळेना. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत इस्पितळात आलेल्या रोग्यांच्या नातलगांना निवारा मिळाला. लाखोंचे बांधकाम हातून झाले, पण त्यातली एक खोलीही त्यांनी स्वतःसाठी वा घरच्यांसाठी राखली नाही. मालकी नको आणि जागेची काळजी मात्र पुरी, हा त्यांचा परमार्थ होता.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव इथे, वाटेवरच, बाबांनी देह ठेवला. ज्याने एक घर सोडले, त्याच्यासाठी त्या दिवशी कितीतरी गावे घरचे माणूस गेल्यासारखी रडली. हे गणगोत त्यांना ना रक्ताने मिळाले होते, ना सातबाऱ्याने; ते खराट्याने जोडलेले होते.

माउली, आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. वाटेवरची मुक्कामाची एकही जागा आपल्या नावावर नाही. कुणाची शाळा, कुणाचे शेत, कुणाचे अंगण. तरी दरसाल तिथे पोचल्यावर घरी आल्यासारखे वाटते ना? ते वाटणे टिकवायचे, तर पहाटे तळ हलवताना पत्रावळ्या उचलल्या पाहिजेत, चुली विझवून राख भरली पाहिजे, नळाजवळचा चिखल सारला पाहिजे. विणेकरी पुढे निघाले, तरी चार जणांनी खराटा घेऊन मागे थांबावे. पुढच्या वर्षी ते गाव आपली वाट पाहील, ते त्या चौघांमुळे.

रामकृष्ण हरी!