बातम्या वाचणारी मुलगी

१९७४ सालच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा मुंबई पाहिली आणि त्याच मुक्कामात पहिल्यांदा दूरचित्रवाणीही पाहिली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. दादरला मावशी राहायची त्या चाळीत एकाच बिऱ्हाडात संच होता. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला मजल्यावरची सगळी पोरे चपला दाराबाहेर काढून त्या खोलीत दाटीवाटीने बसत. काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी हातातल्या कागदावरून बातम्या वाचत होती आणि मधूनच मान वर करून आमच्याकडे पाहत होती. बातम्या मला फारशा कळल्या नाहीत. शेवटी तिने तापमान सांगितले आणि राज्यात सर्वाधिक उकाडा चंद्रपूरला असल्याचे वाचले. मी आनंदाने ओरडलोच. सगळी चाळ हसली. उन्हाची बढाई मारणारा मुलगा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

ती मुलगी स्मिता पाटील होती, असे मी पुढे अनेक वर्षे लोकांना सांगत आलो. मुंबई केंद्रावर तेव्हा भक्ती बर्वे होत्या, आणखीही काहीजणी बातम्या वाचत. त्यामुळे कोर्टात शपथ घ्यायची वेळ आली तर मी कचरेन. पण माणसाच्या आठवणी काही बँकेच्या खतावणीसारख्या रोजच्या रोज जुळवलेल्या नसतात. माझ्या मनात चंद्रपूरचे नाव तिनेच उच्चारले आणि ते तसेच राहिले.

स्मिताचा जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५चा. घराणे खानदेशातले, शिरपूरकडचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यात मुरलेल्या. घरात राष्ट्र सेवा दलाचे वातावरण. शाळकरी वयातच ती सेवा दलाच्या कलापथकात रमली. म्हणजे नाटक-सिनेमाच्या झगमगाटात नव्हे, तर श्रमदान, समूहगीते आणि गावोगावच्या सतरंज्या यांच्यामध्ये तिची पहिली तालीम झाली. वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा ती सतरा वर्षांचीही पूर्ण नव्हती. ओळखीतल्या एका छायाचित्रकाराने काढलेली तिची छायाचित्रे केंद्राच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचली आणि मंत्र्याची मुलगी बातम्या वाचू लागली.

तिच्या त्या दिवसांतली एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती जीन्स घालून केंद्रावर यायची आणि बातम्यांची वेळ झाली की वरूनच साडी गुंडाळून खुर्चीत बसायची. कॅमेऱ्याला कमरेखालचे काही दिसत नसे, त्यामुळे प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट हसत सांगितली जाते. मला मात्र तीत पुढच्या स्मिताचा सगळा स्वभाव दिसतो. लोकांना जी साडी हवी होती ती तिने नेसली, पण आतली मुलगी बदलली नाही.

वृत्तनिवेदकाचे काम दिसायला सोपे. समोर माणूस नसतो, काचेचा एक डोळा असतो. त्या डोळ्याशी घरातल्या माणसाशी बोलावे तसे बोलायचे, बातमी मरणाची असो वा क्रिकेटची, चेहऱ्यावर तिच्यापेक्षा जास्त काही येऊ द्यायचे नाही. पुढे तिच्या अभिनयाचे ज्या गोष्टीसाठी कौतुक झाले, ती हीच. कॅमेरा जवळ आला की इतर नट काहीतरी करू लागत, ही शांत होत असे. अरुण खोपकरांच्या १९७४ सालच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात ती प्रथम दिसली. श्याम बेनेगलांनी तिला दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले आणि आपल्या चित्रपटात घेतले.

बेनेगलांचा तो पहिला चित्रपट म्हणजे १९७५चा ‘चरणदास चोर’. त्यात तिने राणीची भूमिका केली. हबीब तन्वीरांच्या छत्तीसगढी नाटकावरचा हा बालचित्रपट, आणि त्यातले बरेच नट तन्वीरांच्या मंडळीतले गावरान कलावंत. आमच्या भागाला ही भूमी परकी नाही. कुरखेडा-कोरची ओलांडले की राजनांदगाव लागते. तिकडे नाचा रात्रभर रंगतो, इकडे दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत चालतात. वडसा हे त्यांचे माहेरघर. कांबळी पांघरून, शेकोट्या पेटवून, कडेवरची पोरे झोपलेली असताना बायाबापड्या नाटक बघतात. मंत्र्याची मुलगी अशा कलावंतांच्या बरोबरीने उभी राहिली आणि वेगळी वाटली नाही, हे आम्हा झाडीतल्या लोकांना तिच्या पुरस्कारांपेक्षा मोठे वाटते.

मग ‘निशांत’ आला आणि १९७६ साली ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा चित्रपट उभा केला. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी ही गोष्ट पुन्हा छापली. मी तो पाहिला तो बँकेत लागल्यानंतर. १९८४ साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली. जिल्हा होऊन अवघी दोन वर्षे झालेली, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून तो वेगळा निघाला होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. आम्ही म्हशी वाटत होतो. आदिवासी लाभार्थीला निम्मे अनुदान, उरलेले कर्ज. म्हशीचा विमा उतरवला जाई आणि तिच्या कानात धातूचा बिल्ला ठोकला जाई. म्हैस मेली तर पशुवैद्यकाचा दाखला, पंचनामा आणि तो बिल्ला कानासकट घेऊन माणूस बँकेत येई. माझ्या टेबलाच्या खणात असे बिल्ले पडलेले असत. ‘मंथन’मधली बिंदू, दुधाची चरवी घेऊन सोसायटीच्या दाराशी उभी राहिलेली, मला परकी वाटणे शक्यच नव्हते. मी रोज तिलाच कर्जाचा अर्ज भरून देत होतो. फरक एवढाच की पडद्यावरची बिंदू समोरच्या साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन बघायची आणि आमच्याकडच्या बाया टेबलाच्या कडेकडे बघायच्या.

१९७७ साली ‘भूमिका’ आला. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेली ही कथा. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीपासून थकलेल्या, एकट्या उरलेल्या बाईपर्यंतचे वय तिने बावीस वर्षांच्या आत उभे केले आणि उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ती ठाकराची चिंधी झाली. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतल्या अम्माने तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार दिला. १९८२ साली ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून, मुलगी घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक व्हायला दूरच्या गावी जाते आणि परत आल्यावर घरात तिची जागा उरलेली नसते. आमच्या शाखेत तेव्हा एकही स्त्री कर्मचारी नव्हती. चंद्रपूरला हा चित्रपट पाहून बाहेर पडताना माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेले एक सहकारी तिने घर सोडायला नको होते म्हणून अख्ख्या रस्त्याने कुरकुरत राहिले. त्यांची पत्नी आमच्या मागून चालत होती. ती काहीच बोलली नाही.

त्याच वर्षी ती ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’तही होती. समांतर चित्रपटवाल्यांना ते आवडले नाही. तिलाही त्या पावसातल्या गाण्याबद्दल पुढे खंत वाटल्याचे सांगतात. पण ज्या तालुक्यात कलात्मक चित्रपट कधीच पोचत नव्हते, तिथल्या तंबूत ‘नमक हलाल’ पोचला. दहा-बारा वर्षांत तिने सुमारे ऐंशी चित्रपट केले. मराठी, हिंदीबरोबर गुजरातीत ‘भवनी भवाई’, बंगालीत मृणाल सेनांचा ‘अकालेर संधाने’, मल्याळममध्ये अरविंदनांचा ‘चिदंबरम’. १९८५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ती तीस वर्षांचीही नव्हती.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला. १३ डिसेंबरला, बाळ पंधरा दिवसांचे असताना, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत ती मुंबईच्या रुग्णालयात गेली. तिला एकतिसावे वर्ष लागून गेलेले होते, बत्तिसावे संपायचे होते.

तो शनिवार होता. मी सकाळी दाढी करता करता आकाशवाणीवर बातमी ऐकली. ती वाचणाऱ्याचा आवाज नेहमीसारखाच होता, काही जास्त नाही, काही कमी नाही. एकेकाळी अशाच आवाजात तिनेही इतरांची मरणे वाचली असतील, हा विचार त्या क्षणी आला आणि वस्तरा थांबला. नागपूरचे वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने आले, त्यानंतर कितीतरी दिवस तिची छायाचित्रे छापून येत होती.

त्याच पंधरवड्यात एक गोंड शेतमजूर शाखेत आला. त्याच्या बायकोच्या नावावर आम्ही म्हैस दिली होती. हप्ता तीच आणून द्यायची, पदराच्या गाठीतून नोटा सोडून. हिशोबाला पक्की. दोन-तीन महिन्यांपासून ती आली नव्हती, आणि पोटुशी असल्याने येत नसेल, अशी नोंद मी मनातच केली होती. त्या माणसाने तिचे पासबुक टेबलावर ठेवले आणि ती गेल्याचे सांगितले. मी जे विचारले ते मला अजून आठवते. मी विचारले, म्हैस कशी आहे?

तो म्हणाला, बरी आहे. दूध देते.

मग हळूहळू कळले. घरीच बाळंत झाली होती. तिसऱ्या दिवशी ताप भरला. दहाव्या की अकराव्या दिवशी गेली. मूल होते. दवाखान्याला नेण्यासाठी बैलगाडी जुंपेपर्यंत रात्र झाली होती. या मरणाला दाखला नव्हता, पंचनामा नव्हता, कुणाच्या खणात ठेवायला बिल्ला नव्हता. खात्यावर बेचाळीस रुपये होते. ते त्याला देण्यासाठी मी मृत खातेदाराचा अर्ज भरून घेतला, तेवढाच काय तो कागद. कारण विचारले तेव्हा त्याने बाळंतरोग म्हटले. हा शब्द त्याच्या गावात सगळ्यांना माहीत होता. मला पुस्तकातून माहीत होता.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात, परिचारिका असलेल्या आईच्या लेकीला जे मरण आले, तेच मरण आमच्या जंगलात दर हिवाळ्यात येत होते. त्याच १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला काम करायला आले. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांना तपासले. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होता आणि त्यांतल्या फारच थोड्या जणींची याआधी कधी तपासणी झाली होती. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात हे छापून आले. मी ते आकडे मराठीत वाचले त्या दिवशी बँकेचा वार्षिक ताळेबंद जुळवत होतो. पुढे गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केले गेले आणि अर्भकांची मरणे कमी झाल्याचे जगाने मान्य केले. म्हणजे ही मरणे टळू शकत होती. हे कळल्यावर माझा तो प्रश्न मला जास्तच बोचू लागला.

स्मिताचा ‘मिर्च मसाला’ तिच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. मिरचीच्या कारखान्यात कोंडून घेतलेल्या बायका, आणि शेवटी विळा हातात घेऊन उभी असलेली सोनबाई. मी तो चंद्रपूरला पाहिला. माझ्या पुढच्या रांगेत मिरच्या खुडायच्या कामावर जाणाऱ्या बायका बसल्या होत्या, त्यांच्या पदरांचा तिखट वास मागच्या रांगेपर्यंत येत होता. मध्यंतरात कुणी उठले नाही.

माझी नोकरी संपली, कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यांतल्या एकीतही ती पदराची गाठ सोडणारी बाई मला नीट उतरवता आली नाही. दोन-तीनदा सुरुवात केली आणि दर वेळी तिने टेबलाच्या कडेकडेच पाहिले. अजूनही मे महिन्यात संध्याकाळी मी संच लावतो. चंद्रपूरचा आकडा येतो, बरेचदा राज्यात सर्वांत वरचा. आता माझ्या नातवंडांना त्यात काही नवल वाटत नाही. मी मात्र बातमी वाचणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि आकडा सांगून झाल्यावर ती आणखी काही वाचते का, याची वाट पाहतो.