डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन : परीक्षेच्या दारापाशीं पांच वर्षें

आज आपल्याकडे तालुक्याच्या गांवीं स्त्री-डॉक्टर असणें ही नवलाची गोष्ट राहिली नाहीं. परंतु १८६५ सालापर्यंत खुद्द इंग्लंडांत अशी एकही स्त्री झाली नव्हती, कीं जिनें त्या देशांत उघडपणें स्त्री या नात्यानें वैद्यकीची परीक्षा देऊन रोग्यांस औषध देण्याचा कायदेशीर परवाना मिळविला. तो परवाना प्रथम ज्या बाईंनीं मिळविला त्यांचें चरित्र येथें देत आहों. त्यांच्या पुढील आयुष्यांत मोठमोठीं कामें झालीं. तथापि आम्हांस विशेष सांगावयाचें आहे तें त्या एका परीक्षेविषयीं व तिच्या तयारीविषयीं.

एलिझाबेथ यांचा जन्म ९ जून १८३६ रोजीं लंडन शहराच्या व्हाइटचॅपल भागांत झाला. त्यांचे वडील न्यूसन गॅरेट हे त्या वेळीं जिनसा गहाण घेऊन पैसे देण्याचें दुकान चालवीत असत. १८४१ सालीं तें कुटुंब सफक परगण्यांतील ऑल्डबरा या समुद्रकांठच्या गांवीं राहावयास गेलें. तेथें गॅरेटसाहेबांनीं धान्य व कोळसा यांचा व्यापार आरंभिला आणि जवळच स्नेप येथें बार्ली भिजवून, तिला मोड आणून वाळविण्याचे मोठे कारखाने उभारले. मनुष्य तापट, हट्टी, परंतु मनाचा मोकळा. आणि कन्येनें हट्टीपणाचा वारसा पुरता घेतला होता. तिला ब्लॅकहीथ येथील मुलींच्या शाळेंत दोन वर्षें ठेविलें. तेथें भाषा व रीतभात यांचें शिक्षण मिळे, पण शास्त्रें व गणित यांच्या नांवानें शून्य होतें. ही उणीव तिला पुढें फार जाचली.

१८५९ सालीं एलिझाबेथ ब्लॅकवेल या लंडनास आल्या. ह्या बाईंनीं अमेरिकेंत १८४९ सालीं एम्.डी. ही पदवी मिळविली होती. त्यांचीं व्याख्यानें ऐकून बावीस वर्षांच्या मिस गॅरेट यांच्या मनानें घेतलें कीं आपणही वैद्य व्हावें. परंतु ब्लॅकवेलबाईंची वाट त्यांना मोकळी नव्हती. १८५८ च्या वैद्यकीय कायद्यानें सरकारी नोंदवही सुरू झाली होती. त्या कायद्यापूर्वींच इंग्लंडांत वैद्यकी केलेली असेल तरच परकीय पदवीवाल्याचें नांव त्या वहींत चढे. ब्लॅकवेलबाई ह्या सवलतींत बसल्या. मागून येणाऱ्यांना मात्र देशांतल्याच एखाद्या परीक्षक मंडळाचा परवाना मिळविणें प्राप्त होतें, आणि तीं सर्व मंडळें पुरुषांचीं होतीं.

घरीं ही गोष्ट काढतांच आईनें रडून खोली बंद करून घेतली. वडिलांनाही प्रथम या विचाराची किळस आली. परंतु मुलीनें हट्ट सोडला नाहीं, तेव्हां बापाचा स्वभाव उलट्या बाजूनें कामास आला, आणि मुलीस विरोध करणाऱ्यांशीं झगडावयास ते स्वतःच पुढें सरसावले. १८६० सालीं बापलेकींनीं लंडनांतील नामांकित डॉक्टरांचे उंबरठे झिजविले. बहुतेकांनीं हंसून वाटेस लाविलें. परिचारिका कां होत नाहींस, असें एकानें विचारलें असतां, परिचारिकेस वर्षाला वीस पौंड मिळतात व डॉक्टरास हजार, मग मीं वीस कां पसंत करावे, असें तिनें उलट विचारल्याचें सांगतात. हें उत्तर कांहींस उर्मट वाटेल खरें. पण प्रश्नही कांहीं आदराचा नव्हता.

अखेर ऑगस्ट १८६० मध्यें मिडलसेक्स इस्पितळांत परिचारिका म्हणून कांहीं महिने काम करण्याची परवानगी मिळाली. शस्त्रक्रिया पाहण्याचें धैर्य या तरुणीस आहे कीं नाहीं, एवढेंच पाहण्याचा तो बेत होता. मिस गॅरेट यांनीं तेथें तोंड मिटून काम केलें आणि डोळे उघडे ठेविले. हळूहळू डॉक्टरांच्या मागोमाग रोग्यांच्या खाटांपाशीं त्या जाऊं लागल्या. इस्पितळाच्या औषधशाळेचे प्रमुख प्लॅस्किटसाहेब यांच्यापाशीं लॅटिन, ग्रीक व औषधिविद्या शिकूं लागल्या. शरीररचना शिकण्यास खासगी शिक्षक ठेविला. पुढें रसायनशास्त्रासारख्या कांहीं वर्गांतही त्यांस बसूं दिलें. परीक्षा झाली तेव्हां प्रत्येक विषयांत मानाचें प्रमाणपत्र आलें. पण तें देणाऱ्यानेंच विनविलें कीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानीं जाऊं देऊं नका. तरी लपून राहिलें नाहीं. १८६१ च्या उन्हाळ्यांत एके दिवशीं डॉक्टरांनीं रोग्यापाशीं सर्वांना प्रश्न घातला, त्याचें उत्तर एकट्या मिस गॅरेट यांस आलें. झालें! विद्यार्थ्यांनीं सह्यांचा अर्ज करून त्यांस काढून टाकण्याची मागणी केली, आणि ती मान्य झाली. त्या मूर्ख असत्या तर बहुधा कोणी अर्ज केला नसता.

विश्वविद्यालयांकडे अर्ज गेले, तेही फिरले. लंडन विश्वविद्यालयाच्या सभेंत १८६२ सालीं दहा मतें स्त्रियांना घेण्याच्या बाजूनें व दहा विरुद्ध अशीं पडलीं. तेव्हां अध्यक्षांनीं आपलें जादा मत विरुद्ध बाजूस टाकिलें.

आतां एकच दार उरलें. अपॉथेकरी म्हणजे औषधें तयार करून देणारे व साधी वैद्यकी करणारे लोक. त्यांची जुनी सोसायटी लंडनांत ब्लॅकफ्रायर्स येथें होती. १८१५ च्या कायद्यानें तिला परीक्षा घेऊन परवाना देण्याचा अधिकार मिळाला होता. हा परवाना मानाच्या मानानें सर्वांत खालचा. परंतु त्याच्या जोरावर नोंदवहींत नांव चढे, आणि मिस गॅरेट यांस तेवढेंच हवें होतें. सोसायटीच्या सनदेंत परीक्षार्थी 'पुरुष' असावा असें लिहिलेलें नव्हतें, 'व्यक्ति' असावी एवढेंच होतें. कायदेपंडितांचा सल्ला घेतला. त्यांनीं सांगितलें कीं, अटी पुऱ्या करणाऱ्या स्त्रीस सोसायटीला नाकारतां येणार नाहीं. १८६१ च्या ऑगस्टांत सोसायटीनें नाइलाजानें होकार दिला. ही बाई अटी पुऱ्या करूं शकणार नाहीं, अशीच बहुतेकांची समजूत असावी.

अटी खरोखरच कठीण होत्या. पहिली अट, परवानाधारक अपॉथेकरीजवळ पांच वर्षांची उमेदवारी. ती प्लॅस्किटसाहेबांनीं मान्य करून मार्ग दिला. दुसरी, भाषा इत्यादि विषयांची प्राथमिक परीक्षा. ती त्यांनीं १८६२ सालीं दिली. तिसरी, ठरलेल्या विषयांवर मान्यताप्राप्त अध्यापकांचीं व्याख्यानें ऐकल्याचे दाखले. आणि चवथी, इस्पितळांतील प्रत्यक्ष अनुभव. शेवटच्या दोन अटींतच सगळी अडचण होती, कारण वर्गांचीं दारें बंद होतीं. यावर उपाय असा काढिला कीं, त्याच अध्यापकांनीं तींच व्याख्यानें ह्या एका विद्यार्थिनीपुढें खासगी रीतीनें पुन्हा द्यावीं. जें पुरुषांस भरल्या वर्गांत थोडक्या शुल्कांत मिळे, त्यासाठीं वडिलांस थैली मोकळी करावी लागली. ज्यांनीं दिवसभर गांवोगांव पायपीट करून रात्रीं कंदिलाच्या उजेडांत परीक्षेचा अभ्यास केला आहे, त्या आमच्या वाचकांना हें तरी पटेल कीं, शिकणें एक आणि शिकावयास जागा मिळविणें दुसरें.

ह्या दाखल्यांसाठीं त्या गांवोगांव फिरल्या. स्कॉटलंडांत सेंट अँड्रूज येथें डॉ. डे यांनीं त्यांस शिकविण्याचें कबूल केलें. १८६२ सालीं त्या तेथें गेल्या आणि एक पौंड भरून विश्वविद्यालयाचें प्रवेशपत्रही घेतलें. थोड्याच दिवसांत अधिकाऱ्यांची झोंप उडाली. प्रवेश बेकायदा ठरवून त्यांनीं पौंड परत पाठविला. मिस गॅरेट यांनीं तो घेतला नाहीं. तरी वर्गाचें दार बंद झालें तें झालेंच, आणि डॉ. डे यांच्यापाशीं त्या खासगी रीतीनें शिकत राहिल्या. तेथून एडिंबरोस जाऊन सूतिकाशास्त्राचा अभ्यास केला. नंतर लंडनच्या पूर्व भागांतील लंडन हॉस्पिटल येथें पुन्हां परिचारिका म्हणूनच शिरून रोग्यांचा अनुभव घेतला, कारण विद्यार्थी म्हणून कोणी घेईना. अशा रीतीनें एकेक दाखला जमवीत पांच वर्षें गेलीं.

१८६५ सालीं सर्व दाखले हातीं आले आणि अखेरच्या परीक्षेसाठीं अर्ज केला. आतां मात्र सोसायटी गडबडली. चार वर्षांपूर्वीं दिलेला शब्द फिरवून तिनें परीक्षा घेण्यास नकार दिला. न्यूसन गॅरेट यांनीं कळविलें कीं, परीक्षा न घ्याल तर कोर्टांत फिर्याद करीन. फिर्यादीची धमकी कोणास शोभेची वाटणार नाहीं. परंतु येथें ते कृपा मागत नव्हते, सोसायटीनें स्वतःच्या सनदेंतील शब्द वाचावा एवढेंच मागत होते. सोसायटीनें माघार घेतली.

२८ सप्टेंबर १८६५ रोजीं मिस गॅरेट परीक्षकांसमोर बसल्या. त्या दिवशीं सात उमेदवार होते. चार नापास झाले, तीन पास झाले, आणि त्या तिघांत सर्वांत अधिक गुण मिस गॅरेट यांना मिळाले. पुढील वर्षीं त्यांचें नांव सरकारी नोंदवहींत चढलें.

परंतु ज्या दारानें त्या आंत गेल्या तें लगेच बंद करण्यांत आलें. सोसायटीनें नवा नियम केला कीं, खासगी रीतीनें ऐकिलेलीं व्याख्यानें यापुढें चालणार नाहींत, मान्य वैद्यकीय शाळेंतच शिकलें पाहिजे. शाळा स्त्रियांना घेत नसत, तेव्हां नियमांत 'स्त्री' हा शब्द न लिहितां स्त्रिया वगळल्या गेल्या.

मिस गॅरेट यांनीं १८६६ सालीं लंडनांत गरीब बायकामुलांसाठीं सेंट मेरीज हा दवाखाना उघडला. त्याच वर्षीं शहरांत पटकीची सांथ होती. पुढें फ्रेंच भाषा शिकून १८७० सालीं पॅरिसची एम्.डी. पदवी घेतली, ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८७१ सालीं जेम्स स्केल्टन अँडरसन यांच्याशीं विवाह झाला, पण वैद्यकी सोडली नाहीं. १८७२ पासून त्यांच्या दवाखान्याचें स्त्रियांचें इस्पितळ झालें, आणि तेथें रोग्यांस तपासणाऱ्याही स्त्रियाच असत.

१८७३ सालीं मात्र त्यांनीं वर्तमानपत्रांतून असें मत दिलें कीं, इंग्लंडांत दारें उघडत नाहींत तोंवर मुलींनीं परदेशीं जाऊन शिकावें. सोफिया जेक्स-ब्लेक यांस तें मुळींच पटलें नाहीं. त्यांनीं १८७४ सालीं लंडनांतच स्त्रियांचें वैद्यकीय विद्यालय काढिलें. आमच्या मतें येथें जेक्स-ब्लेक बाईंचा अंदाज खरा ठरला. आणि अँडरसनबाईंचा मोठेपणा असा कीं, मतभेद बाजूस ठेवून त्या त्याच विद्यालयाच्या कामांत शिरल्या. १८७६ सालीं पार्लमेंटानें कायदा करून परीक्षक मंडळांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मोकळीक दिली, आणि १८७७ सालीं आयर्लंडांतील वैद्यमंडळानें आपली परीक्षा स्त्रियांस खुली केली. त्याच वर्षीं रॉयल फ्री हॉस्पिटलानें विद्यार्थिनींना रोगी पाहण्यास आंत घेतलें. १८८३ पासून १९०३ पर्यंत अँडरसनबाई त्या विद्यालयाच्या अधिष्ठात्या होत्या. उतारवयांत त्या ऑल्डबरा येथें राहिल्या, १९०८ सालीं त्या गांवच्या नगराध्यक्षा झाल्या, आणि १७ डिसेंबर १९१७ रोजीं तेथेंच वारल्या.

त्यांच्या अधिष्ठातेपणाच्या काळांत, १८८९ सालीं, मुंबईची एक मुलगी त्या विद्यालयांत दाखल झाली. बालपणीं झालेल्या विवाहाच्या खटल्यामुळें तिचें नांव दोन्ही देशांत गाजलें होतें. तिचें नांव रखमाबाई. एडिंबरो व ग्लासगो येथील वैद्यमंडळांची संयुक्त परीक्षा देऊन त्यांनीं १८९४ सालीं परवाना मिळविला, आणि पुढच्या वर्षीं सुरतेस जाऊन तेथील स्त्रियांच्या इस्पितळाचें काम हातीं घेतलें.