ग्रेच्चोची गव्हाण

नाताळचा गोठा करताना आपण मुलांच्या हाती माती, कडबा, गवत देतो. पण ही रीत लोकांत कोणी रुजवली हे मात्र त्यांना सांगायचे राहून जाते. ती रुजवली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी. (आपल्या मराठवाड्यात मिशनकार्य करणाऱ्या फ्रान्सलियन फादरांचे नाव संत फ्रान्सिस दि सालेस यांच्यावरून पडले. ते संत निराळे आणि पावणेचारशेहून अधिक वर्षांनी नंतरचे.)

फ्रान्सिस यांचा जन्म इटलीतील असिसी गावी 1181 किंवा 1182 साली झाला. वडील कापडाचे मोठे व्यापारी. घरात पैसा, भोवती मित्र, अंगात लढवय्या होण्याची हौस. 1202 साली पेरूजा शहराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. पुढे आजारपण आले, मन पालटले, ज्यांची किळस वाटे त्या कुष्ठरोग्यांची सेवा हातून घडू लागली. वडिलांना हे रुचणारे नव्हते. शेवटी बिशपांसमोर अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत देऊन ते घराबाहेर पडले. 1209 साली पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या लहानशा बंधुसंघाला तोंडी मान्यता दिली.

आमच्या विषयाची गोष्ट 1223 सालची आहे. संघाची नियमावली त्याच नोव्हेंबरात पोप तिसरे ओनोरियस यांनी मंजूर केली होती. फ्रान्सिस थकले होते, शरीर साथ देत नव्हते. नाताळला पंधरा दिवस उरले असताना त्यांनी ग्रेच्चो गावच्या जॉन नावाच्या गृहस्थांना निरोप धाडून तयारी करायला सांगितली. तयारी ती काय? एक गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव. बाळ येशूला जन्मताच किती हाल सोसावे लागले, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते.

नाताळच्या रात्री आसपासचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगरावर आले. तिथे ना मूर्ती होत्या, ना मरिया-योसेफांचे सोंग घेतलेले कोणी. रिकाम्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, डिकन होते. त्यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. बेथलेहेम हा शब्द ते मेंढराच्या बेंबाटण्यासारखा उच्चारत, असे त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस चेलानो यांनी लिहून ठेवले आहे. मुलांना हे जरूर सांगावे, ती हसतील! गव्हाणीतले गवत पुढे लोकांनी जपून ठेवले आणि आजारी गुरांना खाऊ घातले.

मुक्या जनावरांची त्यांना फार कणव होती. नाताळच्या दिवशी बैलांना आणि गाढवांना पोटभर वैरण मिळावी, पाखरांसाठी वाटेवर धान्य टाकावे, अशी त्यांची इच्छा असे. नाताळ शुक्रवारी आला तरी त्या दिवशी उपास नको, असेही ते म्हणत. एरवी इतके कडक उपास करणारा माणूस तो! 3 ऑक्टोबर 1226 रोजी त्यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांत पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत घोषित केले. 2019 साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोलाच जाऊन गव्हाणीविषयीच्या पत्रावर सही केली.

बैल, गवत, उघड्यावरचा संसार हे आपल्या बीड जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, पाटोदा, शिरूर भागातून हजारो कुटुंबे उचल घेतलेल्या मुकादमामागे ऊसतोडीला निघतात. नाताळ येतो तेव्हा कोणी कोल्हापूरकडे, कोणी सांगलीकडे कोपीत असते. बैल कोपीपाशीच बांधलेले. लेकरे एक तर सोबत फडावर, नाहीतर गावी आजीजवळ. आईशिवाय नाताळ काढणाऱ्या लेकराला रोषणाईच्या गोठ्याचे फार काय वाटणार, हा प्रश्न आम्हाला पडतो.

म्हणून एक जुनी, साधी रीत सुचवतो. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी घरात रिकामी गव्हाण ठेवायची, खोके चालेल. लेकराने कोणाला मदत केली, भांडण मिटवले, की त्याने एक काडी आत टाकायची. नाताळच्या रात्री त्या काड्यांवर बाळ येशूला निजवायचे. आजीजवळच्या लेकराने काड्या मोजून फोनवर आईला सांगाव्यात. फडावर तर पाचटाला तोटा नाही. तिथली लेकरे बाळाला पाचटावर निजवतील आणि त्या दिवशी बैलांपुढे दोन पेंढ्या वाढे जास्तीचे टाकतील. बाळ येशूची छोटी मूर्ती मात्र पुढल्या दसऱ्यालाच सामानात आठवणीने बांधून द्यायला हवी. यंदाची गाडी केव्हाच निघून गेली आहे.