6174 चं कोडं : देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर कसं पोहोचलं?

डिजिटल डेस्क, तेल्हारा : तेल्हाऱ्याहून मुंबईला जायचं तर अनेक जण अकोल्याला रेल्वे धरतात. वाटेत नाशिक रोड मागे पडलं की देवळाली येतं. याच गावात 32 वर्षे शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी आकड्यांची अशी कोडी शोधली, की त्यांचं नाव आज जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे.

कोण होते कापरेकर?

जन्म 17 जानेवारी 1905, डहाणू. आठव्या वर्षी आई गेली. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. 1927 मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, 1929 मध्ये बीएस्सी. 1930 ते 1962 देवळालीत शिक्षक.

6174 म्हणजे काय?

चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. कापरेकरांचं जन्मसालच घेऊ :

9510 – 0159 = 9351
9531 – 1359 = 8172
8721 – 1278 = 7443
7443 – 3447 = 3996
9963 – 3699 = 6264
6642 – 2466 = 4176
7641 – 1467 = 6174

पुढे कितीही वेळा करा, 6174 च येतं. जास्तीत जास्त 7 पायऱ्या लागतात. हाच ‘कापरेकर स्थिरांक’. 1949 मध्ये त्यांनी तो शोधला.

आणखी काय शोधलं?

45 चा वर्ग 2025. 20 आणि 25 मिळून पुन्हा 45. ही झाली ‘कापरेकर संख्या’. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ नाव दिलं. उदाहरणार्थ 12, कारण 1 आणि 2 ची बेरीज 3.

मग दखल उशिरा का?

त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. देशातल्या अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटलं. कापरेकर मात्र लहान नियतकालिकांत लिहीत राहिले, पुस्तिका स्वतः छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. 1986 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज इंजिनिअरिंगची मुलं 6174 चा प्रोग्राम काही ओळींत लिहितात. कापरेकरांनी तो कागद-पेन्सिलीवर शोधला होता. तुमचं जन्मसाल घेऊन बघा, किती पायऱ्या लागतात?